डावी बाजू

५ जानेवारी, रविवार. सकाळी ११.
गाडी आली. दोर बांधून ओढत आणावी लागली, पण आली. गेटमधून आत घेताना ही म्हणाली, चालत नाही का? मी म्हणालो, चालते, सध्या चालवत नाही एवढंच. तिला हा फरक कळला नाही.

बाबांची गाडी. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा घेतली. बाबा गेल्यावर ती दादाकडे गेली आणि अकरा वर्षं त्याच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली बसून राहिली. आता दादा फ्लॅटमध्ये राहायला चाललाय, तिथे पार्किंग एकच आणि त्याची नवी ऑटोमॅटिक आहेच. म्हणून ही गाडी मला. मी विचारलं, काही प्रॉब्लेम नाही ना? म्हणाला, मी कधी उघडून पाहिलेली नाही रे, तूच बघ आता. त्याचा आवाज जरा जड झाला होता. मोठा भाऊ आहे शेवटी, माया असते.

प्लॅन: २७ एप्रिलला आई ऐंशी वर्षांची होते. त्या दिवशी तिला पुढच्या डाव्या सीटवर, तिच्या जुन्या जागेवर बसवायचं आणि तलावापर्यंत चक्कर मारून आणायची. तोपर्यंत गाडी नवीकोरी. सरप्राइज आहे, कोणाला सांगायचं नाही. (हिला सांगितलं. हिने आईला सांगितलं.)

त्याच दिवशी, दुपारी ४.
संपूर्ण तपासणी केली. दुसरा कोणी असता तर गाडीभोवती एक फेरी मारून मोकळा झाला असता. मी दुकानातलं भिंग आणलं. सव्वीस वर्षं चष्मे बनवतोय. काचेवरचा केसाएवढा चरा मला गिऱ्हाईक दारात असतानाच दिसतो. पूर्ण बॉडी भिंगाखालून काढली. एकूण दोष: एक. डाव्या मागच्या दाराखाली रंगाला छोटासा फुगा आलाय, मसुरीच्या डाळीएवढा.

डावी बाजू मला तशी पाठच आहे. मी कॉलेजात असताना दर रविवारी गाडी धुवायचो तेव्हा बाबा डावी बाजू कायम मलाच द्यायचे. उजवी दादाला, तो हॉस्टेलवरून आला की. बाबांचा माझ्या हातावर विश्वास होता. दादाला याचं वाईट वाटत असणार, पण तो बोलला नाही कधी.

६ जानेवारी.
रोज सकाळी सहा ते आठ गाडी. मग आंघोळ, मग दुकान. आजपासून सुरुवात.
(आजपासून नाही. थंडी फार आहे. उद्यापासून.)
काळा बॉयलर सूट मागवला. तीन व्हिडिओ पाहिले. त्यातल्या लोकांच्या गाड्या पाहून वाईट वाटलं, नुसती भोकं. आपली नव्वद टक्के तयारच आहे.

१२ जानेवारी, रविवार.
बॉयलर सूट आला. बाह्या लांब आहेत. दुमडल्यावर उलट जास्त प्रोफेशनल दिसतं.
फुगा फोडायला घेतला. स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.
दाब माझ्याकडूनच जास्त पडला असावा. हाताला अंदाज नव्हता, बाह्यांमुळे.

त्याच दिवशी, दुपारी.
भोकाच्या कडा साफ केल्या. भोक आता अंगठा जाईल एवढं आहे. तपकिरी भुकटी निघाली, कपभर. ही विचारत होती की भुकटी गाडीच्या आतली आहे की गाडीच भुकटीची आहे. विनोद म्हणून ठीक आहे.

१३ जानेवारी.
कडा आणखी साफ केल्या. मूठ जाते.
आता साफ करायचं नाही. फार साफ करणं हा माझा जुनाच दोष आहे.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ९.
आज शास्त्रीय पद्धत. चष्म्याचे बारीक स्क्रू उचलायला दुकानात एक लोहचुंबक आहे, बोटाच्या पेराएवढं. पत्र्याला चिकटलं तर पत्रा, पडलं तर लांबी. लांबी म्हणजे ती रंगवाले भोकं बुजवायला भरतात ती पुट्टी. व्हिडिओत दाखवलं होतं.
उजवी बाजू: चिकटलं. बॉनेट: चिकटलं. डिकी: चिकटलं.
डावं मागचं मडगार्ड: पडलं. डाव्या दाराखाली: पडलं. थोडं पुढे: पडलं. आणखी पुढे: पडलं. लोहचुंबक खराब असेल म्हणून पुन्हा बॉनेटला लावलं. इतकं घट्ट चिकटलं की नखाने काढावं लागलं.
आई खिडकीतून पाहत होती. तिने विचारलं, तू सारखं काय पाडतोयस? मी म्हणालो, टेस्टिंग.

त्याच दिवशी, दुपारी १२.
म्हणजे बुजवाबुजवी झाली आहे. कोणीतरी गंज लपवलाय आणि वरून रंग मारून गाडी माझ्या गळ्यात घातली आहे. गाडी कोणाकडे होती? अकरा वर्षं? मी काही बोलत नाही. आत्ताच कोणावर आरोप करण्यात अर्थ नाही. आधी पुरावा.

२ फेब्रुवारी, रविवार.
पुरावा मिळाला. आईच्या सीटवर बसून बघत होतो, तिला पाय ठेवायला आरामशीर होईल ना. पाय जरा ताणला. कर्रकन आवाज झाला आणि पाय पोर्चच्या फरशीवर टेकला. गाडीत बसलेलो असताना.
सतरंजी ओढून काढली. खाली डांबरी कागद, त्याच्या खाली जमीन. मधला पत्रा कागदासारखा झालाय. हात लावला की गळतो.
बूट निघाला नाही. बूट सोडून पाय काढला, मग खालून बूट काढला. हिने मदत केली पण हसू आवरलं नाही तिला.
मला हसू आलं नाही. इथे आईचे पाय असते.

३ फेब्रुवारी. सकाळी १०, दुकानात.
दादाला फोन केला. अत्यंत शांतपणे बोललो. म्हणालो, सख्ख्या भावाला सडकी गाडी रंगवून देताना तुला लाज नाही वाटली? तो म्हणाला, मी रंग लावलेला नाही. मी म्हणालो, मग काय रंग आपोआप आला? म्हणाला, मी फक्त झाकून ठेवली होती. मी म्हणालो, झाकलीस, तेच म्हणतोय मी! त्यावर तो म्हणाला, तू मला फसवणारा म्हणतोयस का? मी म्हणालो, शब्द तुझा आहे. त्याने फोन ठेवला.
माणूस खरा असता तर भांडला असता. लपवायचं असलं की माणूस फोन ठेवतो.

त्याच दिवशी, दुपारी.
फॅमिली ग्रुपवर गंजाचे बावीस फोटो टाकले. खाली काहीही लिहिलं नाही. फक्त, विश्वास हा शब्द आणि तीन टिंबं.
आज एका बाईंचा चष्मा चुकला. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. त्या म्हणाल्या, पायऱ्या तिरक्या दिसतायत. माझ्यावर काय गुजरतंय ते त्यांना कुठून कळणार.

९ फेब्रुवारी.
वहिनी ग्रुपमधून बाहेर पडली. अपराधी भावना.
आईने विचारलं, दादाचा फोन का येत नाही? मी म्हणालो, शिफ्टिंगमध्ये असेल. तिने माझ्याकडे बघितलं. तिचे मोतीबिंदू दोन्ही काढलेत, नंबर मीच काढून दिलाय, तिला लांबचं स्वच्छ दिसतं. जवळचंही.

१६ फेब्रुवारी, रविवार.
डेंटर आणला. गाड्यांचा पत्रा ठोकण्यात या माणसाचे केस पिकलेत. बोलणं कमी. बोटाच्या पेराने गाडीवर टकटक करत फिरला, डॉक्टर पाठीवर करतात तसं. उजवीकडे ठण्ण. डावीकडे ढप्प. ढप्प. ढप्प. मग माझ्या भोकापाशी बसला आणि म्हणाला, साहेब, हे उघडायला नको होतं.
मी म्हणालो, उघडल्याशिवाय दुरुस्त कसं होणार? म्हणाला, तेच तर, आता होणार नाही.
अनुभवी लोक आधी असंच घाबरवतात.
मग त्याने मडगार्डवरची लांबी छिन्नीने उडवली. बोटभर जाडीची ढलपी निघाली. आणि तिच्या खाली पत्र्याला ठिगळ! कुठल्यातरी डब्याचा पत्रा कापून, त्याला चार प्रकारचे रिपिटाचे खिळे मारून बसवलेलं. त्यावर अजून निळी फुलं दिसतायत. डेंटर पहिल्यांदाच हसला. म्हणाला, हे गॅरेजचं काम नाही, घरच्याच कोणीतरी केलंय. मी विचारलं, दहा-अकरा वर्षांपूर्वीचं असेल ना? तो ढलपीची कड बघत म्हणाला, छे, ही लांबी तीस-पस्तीस वर्षं जुनी आहे. अशी लांबी आता मिळतही नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
तीस-पस्तीस वर्षं. म्हणजे दादा तेव्हा हॉस्टेलवर. दादा नव्हे.
म्हणजे बाबा.
दुकानदाराने चुकून जास्त परत दिलेलं नाणं परत करायला भर उन्हात मागे चालत गेलेले बाबा. आम्हाला खोटं बोलू नका सांगणारे बाबा. आणि गाडीला डबा ठोकून, वर लांबी भरून, रंग मारून, आयुष्यभर सगळ्यांसमोर त्याच गाडीतून ऐटीत फिरले. इतकी वर्षं मी या माणसाचा आदर्श ठेवला.

१७ फेब्रुवारी.
दुकानातला बाबांचा फोटो काउंटरमागून काढून आतल्या खोलीत ठेवला. त्या जागी नव्या फ्रेम्सचा बोर्ड लावायचाच होता.

१८ फेब्रुवारी. दुपारी ३.
आईला सांगितलं. कधीतरी सांगणं भागच होतं. तिला धक्का बसू नये म्हणून आधी पाणी दिलं. मग म्हणालो, आई, माणूस आपल्याला वाटतो तसा नसतो. बाबांनी आपल्याला फसवलं. आणि उचकटून आणलेलं ते ठिगळ तिच्या हातात दिलं.
आईने ते उलटंपालटं केलं, चष्मा वर करून निळी फुलं बघितली. मग म्हणाली, अगंबाई, माझा बटणांचा डबा.
मला वाटलं, वयामुळे घोटाळा होतोय.
आई म्हणाली, तुझं कॉलेजचं दुसरं वर्ष. मी आणि बाबा दोन दिवस मावशीकडे गेलो होतो, बसने. परत आलो तर कपाटात सगळी बटणं कागदी पिशवीत आणि डबा गायब. आणि तू म्हणालास, बाबा, मी गाडी धुऊन पुसून ठेवलीय.
मी म्हणालो, बरं, मग?
ती म्हणाली, मग काय, तू मित्रांना घेऊन गाडी फिरवलीस, मागे घेताना पाण्याच्या टाकीवर घातलीस, आणि स्वतःच बसून ठोकाठोक केलीस. शेजारच्या काकूंनी सगळं पाहिलं होतं. बाबांनी तर त्याच संध्याकाळी ओळखलं. तू लावलेला रंग दुधासारखा होता. गाडी सायीसारखी.
मी म्हणालो, बाबा काही बोलले कसे नाहीत?
आई म्हणाली, म्हणाले, राहू दे, तो स्वतः येऊन सांगेल. दर रविवारी गाडी धुताना डावी बाजू तुझ्याच हातात द्यायचे. म्हणायचे, आज सांगेल.
मग तिने विचारलं, तो डबा पुन्हा वापरता येईल का रे?

१९ फेब्रुवारी.
मला असं काहीही आठवत नाही.

२० फेब्रुवारी.
आईचं वय लक्षात घेतलं पाहिजे. ऐंशी म्हणजे गंमत नाही. परवाच चहात दोनदा साखर घातली.
(साखर मी घातली होती. मग तिने घातली.)

२३ फेब्रुवारी, रविवार.
टाकी आठवते. सिमेंटची, गोल. बरीच पुढे आलेली होती. अशा ठिकाणी टाकी कोण बांधतं?
एक मित्र मागे बघून सांगत होता, ये, ये, ये. त्याच्यावर मी विश्वास ठेवला. आयुष्यात इथूनच माझी फसवणूक सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.
आणि ठोकली असं म्हणता येणार नाही. टेकली.

२४ फेब्रुवारी. दुकानात.
बाबांचा फोटो परत लावला. बोर्ड तसाही तिथे नीट दिसत नव्हता.

२ मार्च, रविवार.
डेंटर आला. त्याला सहज विचारलं, सगळा गंज नेमका कशामुळे लागला असेल? समुद्राची हवा? पत्र्याची क्वालिटी? त्याने ठिगळाची जागा दाखवली. म्हणाला, ज्याने हा डबा मारला त्याने वरून बुजवलं, आतून उघडंच ठेवलं. पावसाचं पाणी इथून शिरलं, दाराखालच्या पट्टीत साचलं, तिथून पुढे तळाला गेलं. दर वर्षी असंच. मग म्हणाला, नुसता चेंबलेला ठेवला असता ना साहेब, तर गाडी आजही धावली असती. बुजवणाऱ्यानेच खाल्ली गाडी.
कोणी केलं असेल, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, कल्पना नाही.

त्याच दिवशी, दुपारी.
हिला या विषयावर मत विचारलं नव्हतं. तरी म्हणाली, दादांना फोन कर.
मी म्हणालो, करणारच आहे. योग्य वेळ बघतोय.
ती म्हणाली, चौतीस वर्षं झाली.
फोनला एकच महिना झालाय. ती कशाबद्दल बोलत होती हे मी विचारलं नाही.

५ मार्च.
फोनपेक्षा समक्ष बरं. रविवारी.

९ मार्च, रविवार. दुपारी २.
दादाकडे जाऊन आलो. ताडपत्री परत द्यायची होती, तेवढंच निमित्त. फ्लॅटमध्ये सगळीकडे खोकी. वहिनीने दार उघडलं, ताडपत्री घेतली आणि आत गेली. दादा एका खोक्यावर बसला होता, मी दुसऱ्यावर बसलो.
मी म्हणालो, ते रंगाचं, तू नव्हतं लावलंस असं निष्पन्न झालंय. म्हणाला, बरं. मी म्हणालो, तपासाअंती. म्हणाला, बरं.
मग मला राहवलं नाही. विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, बाबांनी सांगितलं होतं, त्या बाजूला हात लावायचा नाही. त्याचं त्याला सांगू दे, मग आपण एकदा नीट उघडून करू. दोनदा मी रंग द्यायला निघालो होतो, बाबा गेल्यानंतरही. दोन्ही वेळा परत फिरलो.
मी म्हणालो, मग त्या दिवशी फोनवर मी एवढं बोललो तेव्हा तोंडावर फेकायचं नाही का? म्हणाला, बाबांनी नाही फेकलं.
मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, हॉस्पिटलमधलं तुला आठवतं का? शेवटच्या आठवड्यात? बाबांनी तुला विचारलं होतं, गाडीचं काही सांगायचंय का. मी खोलीतच होतो.
आठवतं. हे मात्र चांगलं आठवतं. मी म्हणालो होतो, हो बाबा, मागच्या टायरमध्ये हवा कमी आहे.
बाबा म्हणाले होते, भरून घे हं.
मला वाटलं होतं, शेवटपर्यंत त्यांना गाडीची काळजी.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.
शांतपणे विचार केला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. आईला माहीत होतं. बाबांना माहीत होतं. दादाला, शेजारच्या काकूंना माहीत होतं. हिला विचारलं, तुला? म्हणाली, लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी सांगितलं. सगळ्या घराला चौतीस वर्षं माहीत होतं, आणि ते सगळ्यांना माहीत आहे हे मला एकानेही सांगितलं नाही. याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं?
मी एकटाच जपत बसलो होतो.

१६ मार्च, रविवार.
डेंटरने जॅक लावून गाडी उचलली. डावी बाजू वर गेली, उजवी गेली नाही. गाडी मधोमध हळूच वाकली. चारही दारं एकदम अडकली. ती आता उघडत नाहीत, आणि उघडी होती ती लागत नाहीत. डेंटरने जॅक खाली घेतला आणि हात पुसले. मी म्हणालो, वेल्डिंग करू. म्हणाला, वेल्डिंगला दोन्हीकडे पत्रा लागतो साहेब. इथे दोन्हीकडे रंगच आहे.
मग जाताना थांबला आणि म्हणाला, इंजिन मात्र चोख आहे. फार जपलंय कोणीतरी.

२३ मार्च.
गाडी विटांवर ठेवली. प्रोजेक्ट स्थगित. रद्द नाही.
हिने बॉनेटवर चादरी वाळत घातल्या. मी म्हणालो, रंगाला डाग पडतील. मग मीच चिमटे आणून दिले.

६ एप्रिल, रविवार.
ठरवलंय, आईशी बोलायचं. तिला माहीत आहे हा मुद्दा वेगळा. आपण सांगणं वेगळं. आज ती झोपली होती.

१३ एप्रिल, रविवार.
आज ती जागी होती, पण चुलतबहिणीचा फोन चालू होता. नंतर मला दुकानात काम निघालं. (रविवारी दुकान बंद असतं. पण काम होतं.)
वाक्य लिहून काढलं: आई, तुला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. फार ऑफिशियल वाटतं. खोडलं.

२० एप्रिल, रविवार.
दादाचा फोन. म्हणाला, आईला सांगितलं होतंस ना तलावाचं? माझी गाडी आणतो. दिवस तोच, वेळ तीच. आई कुठल्या गाडीने गेली याने काय फरक पडतो.
मी म्हणालो, फरक पडतो. तो म्हणाला, पडतो रे. पण जाऊ या.
वहिनी ग्रुपमध्ये परत आलीय. बावीस फोटो मी डिलीट केले. फक्त माझ्या फोनवरून होतात म्हणे.

२७ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७.
वाढदिवस झाला.
दादा बरोबर चारला आला. आई नवी साडी नेसून तयारच होती. जाताना पोर्चमध्ये थांबली, विटांवरच्या गाडीकडे बघितलं, मडगार्डच्या भोकावर बोटं टेकवली, आणि म्हणाली, चला, उशीर होतोय. दादा चालवायला, आई पुढे, मागे मी आणि ही. माझ्या मांडीवर केकचं खोकं, तलावाकाठी कापायचं म्हणून.
गाडीला आवाज नाही. धक्का नाही. थोडं पुढे गेल्यावर आई म्हणाली, ह्या गाडीत किती बरं वाटतंय. त्या गाडीत मला दर वेळी मळमळायचं. पेट्रोलचा वास मारायचा नुसता. मी म्हणालो, मग बाबांना सांगितलं का नाहीस? म्हणाली, हौस होती त्यांना.
मी तीन महिने, चौतीस वर्षं धरली तर जास्तच, ज्या सीटसाठी जिवाचं रान केलं, त्या सीटवर आई नाक मुठीत धरून बसायची.
तलावाजवळ बोलायचं ठरवलं होतं. तिथे बदकं होती. आई त्यांच्यात रमली. केक झाला, फोटो झाले. दादाने मला सुरी पुसायला रुमाल दिला. बोलण्यासारखी जागा होती पण वेळ सापडेना.
परत निघालो. गरम होतंय म्हणालो म्हणून दादाने माझी खिडकी उघडून दिली होती. आईच्या मागेच बसलो होतो. तिचे पांढरे केस सीटच्या वर थोडेसे दिसत होते. तेवढ्याकडे बघत मी बोललो. मनातलं कुठलंच वाक्य आलं नाही. म्हणालो, आई, गाडी मी ठोकली होती. तुझा डबाही मीच कापला.
दादाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. हिने बाहेर.
आई वळली नाही. म्हणाली, हो रे, माहितेय. ती खिडकी लाव आधी, कानात वारा जातोय.
त्या दारात काच वर घ्यायचं बटण कुठे आहे ते मला सापडेना. शेवटी दादाने पुढूनच लावली.